एकशेवीस वर्षांची फरशी

"एवढा चहा कोण पिणार?" मी विचारलं.

"फरशी," पप्पा म्हणाले.

मला वाटलं, चेष्टा करतायत. तीन दगडांवर लग्नाच्या जेवणावळीतलं भलंमोठं पातेलं चढवलेलं, त्यात पाणी खदखदतंय, आणि पप्पा पुडे फोडून सगळीच्या सगळी चहापावडर आत ओततायत. साखर नाही, दूध नाही, आलं नाही. मी एक फळी घेऊन ढवळायला लागले. थोड्या वेळाने वास घेऊन सांगितलं, "पप्पा, झाला."

"झाला न्हाय. काळा व्हायला पायजे. तुझ्या शाळेच्या फळ्यासारखा."

"आमचा फळा हिरवाय."

"मग हिरवा होईस्तोवर ढवळ."

मी तेव्हा सातवीत होते. आता दहावीत आहे, म्हणजे फार काही वर्षं झाली नाहीत, पण त्या उन्हाळ्यातली मी मला आता लांबच्या नात्यातली कुणीतरी मुलगी वाटते. त्या जानेवारीत मी वक्तृत्व स्पर्धेत तालुक्यात पहिली आले होते आणि तेव्हापासून माझं तोंड बंदच होत नव्हतं. त्याआधी मी वर्गात "हजर" एवढं हळू म्हणायचे की बाई मला गैरहजर लावायच्या. आणि आता? एसटीच्या कंडक्टरशी बोलायचे, बँकेतल्या साहेबांशी बोलायचे, कुणी नसलं तर शेजारच्या शेळीशी. आई म्हणायची, "हिला बक्षीस दिलं कुणी? परत घ्या म्हणावं."

म्हणूनच साताऱ्याला डॉक्टरांकडे जाताना पप्पांनी मला बरोबर नेलं होतं. "तू बोल. मला त्यांचं काही कळत न्हाय." डॉक्टरांनी छातीचा फोटो उजेडासमोर धरला. पप्पा वीस वर्षं फरशी बसवत होते. मशीनने फरशी कापताना जी धूळ उडते, ती श्वासातून आत जाऊन बसली होती. "ही आता निघत नाही," डॉक्टर म्हणाले. "अजून आत जाऊ द्यायची नाही, एवढंच आपल्या हातात आहे. कापायचं काम आजपासून बंद."

"मग करू काय?" पप्पांनी विचारलं.

डॉक्टरांनी पुढच्या माणसाचं नाव पुकारलं.

आणि त्यानंतर महिन्याभरातच रणदिवे साहेब भेटले, म्हणून आम्हाला सगळ्यांना ते देवाने पाठवलेत असं वाटलं. साहेब पुण्याचे. वाईच्या पुढे, धोम धरणाच्या पाण्याकडेला त्यांनी रिसॉर्ट बांधलं होतं. नाव ठेवलं होतं 'पूर्वज'. आई म्हणाली, "असल्या नावाच्या ठिकाणी जेवायला कोण जाईल? पितृपक्षात तेवढी गर्दी होईल." पण पप्पा खूश होते. रिसॉर्टच्या मधोमध भलंमोठं अंगण होतं, आणि त्यात पप्पांनी नुकतीच शहाबादी फरशी बसवली होती. फरशी कारखान्यातूनच मापाने कापून आली होती, त्यामुळे धूळ नव्हती. काम बघून साहेब म्हणाले, "सोपानराव, छान. आता मला हे अंगण शंभर वर्षांचं दिसायला हवंय."

"कधीपर्यंत?"

"अक्षय्य तृतीयेपर्यंत. उद्घाटन आहे."

महिना होता हातात. आणि साहेबांनी पुढे जे सांगितलं ते पप्पांनी त्या संध्याकाळी आईला तीनदा सांगितलं. जमलं तर पप्पांनी तिथेच राहायचं. कायमचं. फरशीची देखभाल करायची, झाडांना पाणी घालायचं, पाहुण्यांना अंगण दाखवायचं. "धूळ न्हाय," पप्पा म्हणत होते. "कापाकापी न्हाय. सावलीतलं काम." चौथ्यांदा सांगायला लागल्यावर आई म्हणाली, "कळलं. जेवा आता." आणि पदराने डोळे पुसून टाकले.

मला सुट्टी होती. मी रोज पप्पांच्या गाडीवर मागे बसून जायचे. हातोडीने फरशीच्या धारदार कडा हलक्या हाताने फोडायच्या, आणि धूळ उडू नये म्हणून मी वरून पाण्याची धार धरायची. मग पातळ केलेलं ॲसिड. ते पप्पा एकटे करायचे, वाऱ्याकडे पाठ करून, नाकातोंडाला फडकं बांधून, मला लांब आंब्याखाली उभं करून. सोड्याची बाटली फुटल्यासारखी फरशी फसफसायची, की तिच्या अंगावरचा नवेपणाचा तुकतुकीतपणा गेलाच. मग भरपूर पाण्याने धुवायची. मग त्यावर तो काळा चहा, आणि चहावर गंजाचं पाणी. जुने खिळे, कड्या, बिजागऱ्या आठ दिवस भिजवून ठेवलेलं. चहा आणि गंज एकमेकांना भेटले की फरशी बघता बघता काळवंडायची. मी दर वेळी ओरडायचे. पप्पा म्हणायचे, "ओरडू नको, तिला वाटंल काहीतरी चुकलं."

पण खरी गंमत पुढे होती.

"म्हातारपण काय सगळीकडं सारखं येत न्हाय, अक्षू," पप्पा म्हणाले. हातात घासायचा दगड होता. "माणूस जिथनं चालतो तिथं फरशी गुळगुळीत होती. कोपऱ्यात तशीच खरखरीत ऱ्हाती. सगळीकडं एकसारखी घासली की लगेच कळतंय, हे नाटक हाय. तर सांग, इथं कोण चालत होतं?"

"कुणीच नाही. ही फरशी मागच्या महिन्यात टेम्पोतून आली."

"मग आण कुणालातरी."

मी आणली ना! मी एक बाई आणली. ती दारातून निघून तुळशीला पाणी घालायची आणि तिथून रांजणाकडे जायची, रोज, घाईघाईत, कोपरा कापून. पप्पांनी तिची पायवाट घासून काढली, कोपरा कापूनच. जिथे तिचा रांजण होता तिथे मी गंजाच्या पाण्याने गोल काढला, एका बाजूला पाझरलेला. पायरीशी एक म्हातारा बसायचा, त्याच्या टाचा घासून दोन खळगे पडले. आणि दोन पोरं होती, ती उन्हात बसून वाघ-बकरी खेळायची. त्यांचा पट मी स्वतः छिन्नीने कोरला, दुपारभर, जीभ बाहेर काढून.

पप्पांनी बघितला. "एक तिरकी रेघ राहिली."

"देते मारून."

"राहू दे. पोरांनीच काढलाय न्हवं? पोरं चुकायचीच."

सीलर, म्हणजे पाणी आत शिरू न देणारा लेप, मारायची वेळ आली तेव्हा उद्घाटनाला पाच दिवस होते. रणदिवे साहेब रोज फोन करत होते. पप्पांनी फरशीवर चार ठिकाणी प्लॅस्टिकचे चौकोन ठेवून कडा चिकटपट्टीने बंद केल्या. दुसऱ्या दिवशी सकाळी मी पहिली धावत गेले. आंब्याखालच्या चौकोनात, प्लॅस्टिकच्या आतल्या बाजूने, बारीक बारीक थेंब होते.

"साहेब, आत ओल हाय अजून," पप्पांनी फोनवर सांगितलं. "आज सीलर मारला तर ती आतच कोंडंल. पांढरे ढग उठतील. मग काही केलं तरी निघायचे न्हाईत." पलीकडून साहेब बराच वेळ बोलत होते. पप्पा ऐकत होते आणि मान हलवत होते, नाही अशी. ज्याच्या हातात आपली नोकरी आहे त्याला असं नाही म्हणताना मी पप्पांना पहिल्यांदाच बघत होते.

तिसऱ्या दिवशी चारही चौकोन कोरडे निघाले. मग दोन हात सीलर, चकाकी नसलेला, फडक्याने पुसून पुसून. सुकल्यावर पप्पांनी तांब्यातून पाणी ओतलं. पाण्याचे गोळे झाले आणि भिजलेल्या साबुदाण्यासारखे इकडेतिकडे पळाले. आत काही शिरेना.

"दोन वर्षांनी परत हात मारायचा," पप्पा म्हणाले.

"कोण मारणार?"

"मी की! मी हितंच असणार." त्या आठवड्यात पप्पा फक्त दोनदा खोकले होते. मी मोजत होते.

उद्घाटनाच्या आदल्या दिवशी साहेबांनी पप्पांजवळ एक पिशवी दिली. त्यात माझ्यासाठी खणाचं परकर-पोलकं होतं, पप्पांसाठी फेटा होता, आणि छापलेला एक कागद. मी वक्तृत्वात पहिली आलेय हे पप्पांनीच अभिमानाने साहेबांना सांगितलं होतं. मी ओट्यावर उभी राहून कागद मोठ्याने वाचला.

"नमस्कार. मी अक्षदा सोपान भिंगारे. माझ्या खापरपणजोबांनी एकशेवीस वर्षांपूर्वी हे अंगण आपल्या हातांनी बसवलं. आज माझे वडील त्याची राखण करतात..." मी थांबले. "पप्पा, हे खोटं आहे."

"फरशी तरी कुठं खरी हाय?"

"पण खापरपणजोबा?"

"मेंढरं राखायचे. फरशी म्हंजे काय, हे त्यांना ठावं नव्हतं. बरं झालं, मेल्यावर का होईना, गवंडी झाले." पप्पा हसायला लागले, हसता हसता खोकायला लागले, आणि खोकला थांबेपर्यंत आई त्यांच्या पाठीवर हात ठेवून उभी राहिली. मग ते माझ्याकडे बघून म्हणाले, "जेवढं लिवलंय तेवढंच बोल. एक अक्षर जास्त नको. मला हे काम पायजे, अक्षू."

मला पायजे, असं पप्पा कशाबद्दलच कधी म्हणाले नव्हते. मी कागद पाठ केला. चार ओळी. मला काय, मी सात मिनिटांची भाषणं पाठ करत होते.

दुसऱ्या दिवशी सकाळी तीसेक पाहुणे आले. सहली नेणारे, फोटो काढणारे, साहेबांचे पुण्याचे मित्र. पप्पा फेटा बांधून पन्ह्याच्या पेल्यांचा ट्रे धरून उभे होते. मी त्यांच्या शेजारी. पांढऱ्या केसांच्या एक बाई चपला काढून अनवाणी फरशीवर चालत आल्या, बरोबर त्या तुळशीच्या पायवाटेवरून, कोपरा कापून. मला इतका आनंद झाला! त्या खाली वाकल्या, फरशीवरून तळवा फिरवला.

"काय काम आहे हो! हे हातच संपले. आजच्या गवंड्यांना द्या, वर्षात भेगा पाडून ठेवतील."

"अगदी खरं," रणदिवे साहेब म्हणाले. "अशी माणसं आता कुठे मिळायला?"

बाईंनी पप्पांच्या ट्रेमधला पेला उचलला. "हो की नाही हो?"

"व्हय बाईसाहेब," पप्पा म्हणाले.

तेवढ्यात माझं नाव पुकारलं गेलं.

मी माईक हातात घेतला. "नमस्कार. मी अक्षदा सोपान भिंगारे. माझ्या खापरपणजोबांनी..." आणि तिथे मी थांबले. विसरले नव्हते. सगळं पाठ होतं. पण माझ्या कानात ते "व्हय" होतं.

"माझ्या खापरपणजोबांनी मेंढरं राखली," मी म्हणाले. "ही फरशी माझ्या पप्पांनी बसवली. मागच्या महिन्यात!"

लोक हसले. त्यांना वाटलं, गोड पोरगी आहे, गंमत करतेय. त्या हसण्याने मला आणखी जोर चढला. मग मी थांबलेच नाही. ॲसिड सांगितलं, वाऱ्याकडे पाठ सांगितली. गंजाचं पाणी सांगितलं. "आणि चहा! दोन तास उकळलेला कोरा चहा! ही बाईची पायवाट, हा रांजणाचा डाग, हा वाघ-बकरीचा पट मी स्वतः कोरलाय, त्यात एक रेघ चुकलीय, बघा! आजच्या गवंड्यांना सगळं येतं. ते तिथे उभे आहेत, फेटा बांधलेले!"

मला वाटलं होतं, टाळ्या वाजतील. स्पर्धेत अशा जागी नेहमी टाळ्या पडतात.

व्हिडिओ काढणाऱ्या एका मुलाने फोन खाली घेतला. कुणीतरी विचारलं, "मग ते एकशेवीस वर्षांचं काय?" आणि त्या पांढऱ्या केसांच्या बाई आपल्या पायांखाली बघत म्हणाल्या, "म्हणजे हे चहाचे डाग आहेत?" त्यांनी चपला शोधल्या आणि घातल्या. फरशी तीच होती. पाच मिनिटांपूर्वी त्यांनी तिच्यावरून हात फिरवला होता.

साहेबांनी हसत हसत माईक काढून घेतला. "मुलांची कल्पनाशक्ती! चला, जेवण तयार आहे."

जेवणं झाल्यावर साहेब पप्पांना आंब्याखाली घेऊन गेले. ओरडले असते तर बरं झालं असतं. "सोपानराव, फरशी उत्तम झाली," ते म्हणाले. "तुमचं काम संपलं."

"मग उद्यापासनं..."

"उद्यापासून नको. मी कळवतो."

पप्पांनी फेटा सोडला, नीट घडी केली आणि साहेबांच्या हातात दिला. मी परकर-पोलक्यातच गाडीवर बसले. वाटेत पप्पा दोनदा थांबले, श्वासासाठी. मी थप्पड खायला तयार होते. थप्पड मिळाली असती तर रडता आलं असतं. दुसऱ्यांदा थांबले तेव्हा रस्त्याच्या कडेच्या दगडावर बसून, धरणाकडे बघत ते म्हणाले, "तीन तास."

"काय?"

"चहा. दोन तास म्हणालीस तू. तीन तास उकळला होता."

बास, एवढंच. त्यावर आमच्या घरात पुन्हा कुणी काही बोललं नाही.

साहेबांचा फोन आला नाही. दोन महिने पप्पांनी फोन उशाशी घेऊन वाट बघितली, आणि तिसऱ्या महिन्यात कापायची मशीन माळ्यावरून खाली काढली. आई आडवी आली. पप्पा म्हणाले, "दुसरं काय येतंय मला?" नाकातोंडाला फडकं बांधायचे. फडकं बांधून काय होतंय. मी आठवीत असतानाच ते जिना चढताना थांबायला लागले. नववीत गेले तेव्हा मशीन कायमची बंद झाली, आणि आता घरात दुसरी मशीन आहे, ऑक्सिजनची. ती खोलीत घरघरत असते आणि पप्पा तिला नळीने बांधलेले असतात. लाइट गेली की आई आणि मी एकमेकींकडे बघतो.

या जानेवारीत मी वक्तृत्वात जिल्ह्यात पहिली आले. सत्काराचा कार्यक्रम आमच्या शाळेच्या संस्थेने कुठे ठेवावा? 'पूर्वज'मध्ये. मी आधी जाणार नव्हते. पप्पा म्हणाले, "जा. फरशी बघून ये." बोलताना त्यांना दर दोन शब्दांनी थांबावं लागतं.

मी गेले. अंगण तिथेच होतं. रांजणाच्या डागावर आता खरोखरचा रांजण ठेवलाय. माझ्या हातून पाण्याचा पेला थोडा हिंदकळला, तर पाण्याचा गोळा झालाच नाही, फरशीने ते गपकन पिऊन टाकलं. सीलर कधीच संपला होता. दोन वर्षांनी हात मारणारं कुणी नव्हतं.

आणि फेटा बांधलेला एक माणूस पाहुण्यांना अंगण दाखवत होता. पप्पांच्याच वयाचा, बोलायला चांगला. "एकशेवीस वर्षांपूर्वी माझ्या पणजोबांनी ही फरशी बसवली," तो सांगत होता. "हा बघा, वाघ-बकरीचा पट. पहारेकरी खेळायचे. एक रेघ मुद्दाम सोडलीय, नजर लागू नये म्हणून."

पाचच मिनिटांनी मी त्याच अंगणात माईक हातात घेऊन उभी होते. सत्काराला उत्तर द्यायचं होतं. तो माणूस फेटा सावरत कौतुकाने माझ्याकडे बघत होता.

त्या अक्षय्य तृतीयेची एक गोष्ट मी कुणालाच सांगितलेली नाही. मी बोलत सुटले होते तेव्हा मधेच पप्पांकडे बघितलं होतं. ट्रे धरलेल्या हाताची दोन बोटं वर करून ते मला बस, बस म्हणत होते. पण त्यांचे ओठ हलत होते. ॲसिड, गंज, चहा. माझ्याबरोबर, शब्दाला शब्द. म्हणून मी थांबले नव्हते.

या वेळी मी त्या फेटेवाल्या माणसाकडे बघितलं आणि मनात म्हटलं, याच्याही छातीत काही असेल. "धन्यवाद," मी म्हणाले, आणि खाली बसले.

घरी आले तर पप्पा उशीला टेकून बसलेले. बक्षिसाची ढाल त्यांनी मांडीवर घेतली, पण बघितली नाही.

"फरशी?"

"जुनी दिसते. पाणी पिते आता."

"सीलर संपला." मान हलवली. "दाखवतंय कोण?"

मी सगळं सांगितलं. पणजोबा, पहारेकरी, नजर लागू नये म्हणून सोडलेली रेघ. रेघेवर त्यांना हसू आलं, पण हसणं त्यांना आता परवडत नाही.

"मग तू काय म्हणालीस?"

"काहीच नाही," मी म्हणाले. "माईक हातात होता, तरी एक अक्षर जास्त बोलले नाही." मला वाटलं होतं, शहाणी झालीस म्हणतील. तीन वर्षं मी त्याचीच वाट बघत होते.

पप्पांनी नळी नाकापासून जराशी बाजूला केली.

"का न्हाय बोललीस?"

आणि नळी परत लावून त्यांनी तोंड भिंतीकडे केलं.